ढगाळ दिवसाचा पिवळा

१ नोव्हेंबर

आलो एकदाचे. घर दोन खोल्यांचं, सरोवर हाकेच्या अंतरावर, पलीकडे डोंगरांची रांग. पुढच्या खोलीला उत्तरेकडे मोठी खिडकी आहे. ह्यांनी गेल्या महिन्यात एकट्याने येऊन घर ठरवलं, मला पत्ता लागू दिला नाही. "चित्रकाराला उत्तरेचा उजेड लागतो म्हणे," असं म्हणाले. जन्मात चित्रकलेवर एक ओळ न वाचलेला माणूस!

हे सगळं सुरू झालं ते माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीमुळे. तिने शहरात चित्रांचं दालन काढलंय. माझं एक छोटं निसर्गचित्र पाहून म्हणाली, "बाई, मार्चमध्ये तुमचं प्रदर्शन करू या." मी नाहीच म्हणणार होते. उभी हयात शाळेत मुलांकडून घडा आणि सफरचंद काढून घेतलं. वर्गाबाहेरचा उजेड मी फक्त खिडकीतून पाहिला. पण हे मध्येच बोलले, "होणार. बाई हिवाळाभर सरोवरावर राहतील आणि चित्रं काढतील." मला बाईच म्हणतात घरातसुद्धा, चिडवायला.

"आणि स्वयंपाक?" मी विचारलं.

"मी करीन. आयुष्यभर लोकांची रक्तं तपासली, मिठाचं प्रमाण काय अवघड आहे?"

५ नोव्हेंबर

पहिला कॅनव्हास वाया. डोंगर निळा लावला, पाणी निळं लावलं, आभाळ निळं लावलं आणि शेवटी सगळ्याचा मिळून चिखल झाला. तैलरंगाचा हाच वैताग, खालचा ओला असतो आणि वरचा त्यात मिसळतो. घाई केली की संपलं.

रंग कालवायच्या नाइफने सगळं खरवडून टाकलं. डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा टर्पेंटाईनचं नाव सांगितलं. हे म्हणाले, "रक्ताची पहिली स्लाइड कुणालाच जमत नाही. मी तर पहिल्या दिवशी स्वतःचंच बोट फुकट टोचून घेतलं."

आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, हा एकच विचार दिवसभर डोक्यात घोळत होता.

१३ नोव्हेंबर

आज काहीतरी कळलं. लिहून ठेवते, नाहीतर उद्या विसरेन.

डोंगर रंगवायचाच नाही, त्याच्यावर पडलेला उजेड रंगवायचा. पाणीही रंगवायचं नाही. पाण्याला स्वतःचा रंग नसतोच, ते समोर असेल त्याचा उसना घेतं. उजळ डोंगर पाण्यात जरा काळवंडतो आणि काळी सावली जरा उजळते. हे मी मुलांना पुस्तकातून शिकवत होते. खरं की खोटं, ते आज पहिल्यांदा पाहिलं.

उजेड तासभरही एकसारखा राहत नाही. म्हणून आता दोन कॅनव्हास घेऊन जाते, एक सकाळचा आणि एक दुपारचा. कॅनव्हास ठेवायचा इझल, रंगांची पेटी, घडीची खुर्ची, सगळं हेच उचलतात. आज अर्ध्या वाटेत थांबून दम घेतला. "वय झालं तुमचं," म्हटलं. "तुझं कमी होतंय ना, मग हिशेब बरोबर," म्हणाले.

स्वयंपाक बरा करतात. बटाट्याचं सूप छान झालं होतं, स्वतः मात्र दोन चमचे घेऊन वाटी सरकवली. "स्वतःच्या हातचं खायला धीर होत नाही," म्हणतात.

२१ नोव्हेंबर

ह्यांच्या डोक्यात नवं खूळ शिरलंय, मला गाडी शिकवायचं. या वयात! म्हणे वरच्या खिंडीतून सरोवर फार सुंदर दिसतं, मला वाटेल तेव्हा एकटीला जाता यायला हवं. मी म्हटलं, एकटी कशाला, तुम्ही न्या की. त्यावर सरळ किल्ली माझ्या हातात ठेवली.

वळणावर गाडी तीनदा बंद पडली. मी हसले, तर एकदम खेकसले, "हसू नको गं, नीट शिक!" लग्नाला इतकी वर्षं झाली, असा आवाज मोजक्याच वेळी ऐकलाय. माझाही पारा चढला. परत येईपर्यंत दोघांची तोंडं दोन दिशांना होती. मग हे घरात न जाता गाडीतच बसून राहिले, आणि मी दुपारचा उजेड जाईल म्हणून इझल घेऊन धावले.

४ डिसेंबर

काय दुपार होती! सूर्य आता खालून जातो, उजेड तिरपा येतो आणि सगळ्यावर मध ओतल्यासारखं होतं. समोरची डोंगररांग पिवळी, काठावरचे दगड पिवळे, बांधून ठेवलेली नाव पिवळी. हे पुढच्या दगडावर बसले होते. चहाचा पेला द्यायला हात पुढे केला तो हात थेट घासलेल्या पितळेसारखा दिसला. मी क्षणभर पेला घ्यायचीच विसरले. उजेड माणसाच्या कातडीतून असा आरपार जातो हे मी कधी पाहिलं नव्हतं.

"काय बघतेस?"

"तुमचा हात. काय रंग आलाय!"

हात चटकन मागे घेतला. लाजले असावेत. या माणसाची तारीफ करायची सोयच नाही.

आजचा कॅनव्हास मला स्वतःला आवडला. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहीत असेन.

१० डिसेंबर

ह्यांनी माझ्या कंपासाच्या टोकाने पट्ट्याला नवं भोक पाडलं. पोट गेलंय पार. "रोज चालणं होतं ना," म्हणतात. खरंच आहे, शहरात खुर्चीला चिकटून असायचे. उलट तरुण दिसायला लागलेत. सारखे हात खाजवतात तेवढं सोडलं तर. लोकरीचा स्वेटर टोचतो म्हणे. नवा होता, धुतला नव्हता, म्हणून मीच कालपासून दुसरा घालायला लावला, तरी तेच.

दुपारी झोपतात हल्ली. खरं सांगायचं तर मला ते बरं वाटतं. जागे असले की काठावर येऊन बसतात आणि बोलतात, आणि तेवढ्यात माझा उजेड सरतो. लिहिताना लाज वाटते, पण दैनंदिनीत खोटं लिहून कुणाला फसवायचं?

लेकीचा फोन आला होता. तिला बाबांना बघायचं होतं. हे लांबूनच ओरडले, "इथे चित्र दिसत नाही, नुसता आवाजच येतो!" मग मला म्हणाली, "आई, बाबा बरे आहेत ना?"

"अगं, तुझे बाबा रोज डोंगर चढून आल्यासारखे सडपातळ झालेत," मी सांगितलं. तिने पुन्हा तेच विचारलं. मग म्हणाली, "मी येऊ का?" मी म्हटलं, मार्चमध्ये प्रदर्शनालाच ये.

१९ डिसेंबर

सकाळपासून ढग. सरोवर शिशासारखं आणि डोंगर दिसतच नव्हते. काम होणार नाही म्हणून चिडचिड करत होते. तेवढ्यात हे खिडकीपाशी बसून बटाटे सोलताना दिसले. म्हटलं, चला, आज माणूस रंगवू.

"मला?" म्हणाले. "डोंगर संपले वाटतं."

नको नको म्हणत होते, मी बसवलंच. ढगाळ उजेड थंड असतो. त्यात पिवळं काही नसतं, सगळे रंग आपापल्या जागी राहतात. मी नेहमीसारखा चेहऱ्याचा रंग कालवायला घेतला. पांढरा, जरा लाल, जरासा यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा. पॅलेटवरचा रंग नाइफच्या टोकावर घेतला आणि लांबून ह्यांच्या गालाशी धरून पाहिला. जुळेना. आणखी ऑकर घातला. जुळेना. मग लेमन यलो घातला, तो मी माणसाच्या चेहऱ्यात कधी घातलेला नाही. मग त्यात हिरव्याचा थेंब. आता जुळला.

मी पॅलेटकडे पाहिलं. तो रंग माणसाचा नव्हता.

मग डोळ्यांचा पांढरा बघायला जवळ गेले. त्यांनी मान खाली घातली. मी हनुवटी धरून वर केली.

"अहो," मी म्हटलं, "आज ऊन नाहीये."

"नाहीये," हे म्हणाले.

"मग हा पिवळा कुठून आला?"

बटाटा आणि सुरी खाली ठेवली, हात पुसले. "बाई," म्हणाले, "तू एवढं तरी चित्र पुरं कर, मग सांगतो."

मी पुरं केलं नाही. किल्ली घेतली.

२१ डिसेंबर

शहराच्या इस्पितळात आहोत. इथे आणलं मीच. घाटात वळणं येत होती, हे शेजारी डोळे मिटून हळू आवाजात सांगत होते, "दुसरा गिअर. आता सोड. छान." मी एक शब्दही बोलले नाही. बोलले असते तर गाडी दरीत गेली असती.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. फोटो पडद्यावर लावून दाखवला. स्वादुपिंडात गाठ आहे, ती पित्ताची वाट दाबते, म्हणून कावीळ. म्हणाल्या, "यांनी सप्टेंबरमध्येच तपासण्या केल्या होत्या. तेव्हाच ऑपरेशनचा उपयोग नाही असं सांगितलं होतं. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे छताकडे पाहत होते.

सप्टेंबर. घर बघायला हे ऑक्टोबरमध्ये गेले होते.

२२ डिसेंबर

आज भांडलो. इस्पितळात हळू आवाजात भांडावं लागतं, ते जास्तच लागतं.

"मला विचारलं असतंत एकदा," मी म्हटलं. "कुठे राहायचं, कसं राहायचं, हे मी ठरवायला नको होतं?"

"काय ठरवलं असतंस? पेट्या आवरून माझ्या उशाशी बसली असतीस. मला माहीत नाही का?"

"बसले असते! तो माझा हक्क होता."

"आणि सरोवर?"

"खड्ड्यात गेलं सरोवर!"

शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी कूस बदलली. ह्यांनी आवाज आणखी खाली आणला. मग म्हणाले, "इतकी वर्षं तू घरातल्या प्रत्येकाकडे बघत होतीस. कुणाला ताप आहे, कुणाला उशीर झाला. तिथे पहिल्यांदा तू दुसरीकडे बघताना दिसलीस. तुझं तोंडच बदललं होतं गं. मी त्याच्या मध्ये कसा येऊ?"

"म्हणून मला आंधळी ठेवलंत?"

यावर त्यांना उत्तर सुचलं नाही. बरंच झालं. सुचलं असतं तर मी माफ केलं असतं, आणि मला आज माफ करायचं नाहीये.

म्हणतात, कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं. माझं उलटंच झालं. जग इतकं पिवळं दिसत होतं की कावीळ दिसली नाही. बोटभर अंतरावर हात आला होता, पितळेसारखा, आणि मी त्याची तारीफ केली.

२८ डिसेंबर

आत एक बारीक नळी बसवली आहे, त्यातून पित्त वाट काढतं. मूळ दुखणं तिथेच आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडे महिने. किती ते मी विचारलं नाही, त्यांनीही आकडा काढला नाही.

पिवळेपणा मात्र उतरतोय. रोज सकाळी खिडकीचा पडदा सारते आणि त्यांचा चेहरा पाहते. काल कपाळ निवळलं, आज गळा. डोळ्यांचा पांढरा सगळ्यात शेवटी येतोय, जरा निळसर, लहान मुलांच्या डोळ्यांसारखा. एवढं सुंदर काही मी सरोवरावर पाहिलं नव्हतं. आणि हे कुणाला सांगायचं? बरा होताना दिसणारा माणूस बरा होत नाहीये.

लेक आली आहे. बाबांवर रागावली नाही, माझ्यावर रागावली. "आई, रोज समोर होते ना ते?" एवढंच म्हणाली. मग गळ्यात पडून रडली. मी तिला थोपटत राहिले.

५ जानेवारी

लेक म्हणते तिच्या घरी चला, इस्पितळ जवळ आहे. हे म्हणतात सरोवरावर. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी मला विचारलं गेलं.

मी म्हटलं, "सरोवर. पण माझ्या अटी आहेत. स्वयंपाक मी करणार. दुखलं तर दुखतं म्हणायचं. प्रत्येक तपासणीचा कागद आधी माझ्या हातात येणार."

"आणि चित्रं?" ह्यांनी विचारलं.

"ते मी बघेन."

"नाही. माझीपण एक अट," म्हणाले. "तू काठावर जाणार. नाहीतर मी रोज सकाळी गोळ्या खिडकीबाहेर टाकीन."

लेक हसली. तिच्या नाकातून पाणी आलं, इतकी हसली.

१७ जानेवारी

जाते काठावर. त्यांना शाल गुंडाळून खिडकीत बसवते, तिथून मी दिसते. अर्धा दिवस मी डोंगरांकडे पाहते आणि अर्धा दिवस मागे वळून खिडकीकडे.

पहिले काही दिवस सरोवराचा राग यायचा. इतकं कशाला सुंदर दिसायचं ते? माणूस जातोय, तर निदान एक दिवस ढग तरी असावेत. पण सकाळी तोच जांभळा आणि तोच गुलाबी. आता राग गेला. ते कुणासाठीच सुंदर नसतं. मी तिथे उभी असते, एवढंच.

आधीची पिवळी चित्रं भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. ह्यांनी भेटायला आलेल्या लेकीला सांगून पुन्हा सरळ करवली. "त्यात मी आहे," म्हणाले. "कुठे? एकाही चित्रात तुम्ही नाही," मी म्हटलं. "मी इझलच्या मागे पेले धूत होतो," म्हणाले.

खिडकीतलं ते अर्धं राहिलेलं चित्र मात्र पुरं केलं नाही. चेहरा आता त्या रंगाचा नाही आणि तो रंग पुन्हा कालवायची माझी हिंमत नाही. तसंच राहू दे.

८ फेब्रुवारी

आज दुखणं कमी होतं. मला म्हणाले, "एक कॅनव्हास दे."

"कशाला?"

"बटाटे सोलायला. चित्र काढायला, आणखी कशाला!"

लहान कॅनव्हास मांडीवर दिला. ब्रश बोटांत धरवेना, म्हणून नाइफ दिली. मुठीत धरून पांढऱ्या रंगाची आख्खी ट्यूबच पिळली आणि लोण्यासारखी फासली. तो डोंगर. खाली निळा, तोही तसाच. ते सरोवर. मी शिक्षिका, मला राहवेना. "अहो, इतका जाड नाही लावायचा. तडे जातील. आणि डोंगराची सावली..."

"बाई, आज तास माझा आहे."

मी हाताची घडी घालून बसले. त्यांनी डोंगर उजेडाच्या उलट्या बाजूने उजळला. पाण्यात प्रतिबिंब काढलंच नाही. काठावर मात्र एक काळा ठिपका ठेवला आणि बराच वेळ तो नाइफच्या टोकाने नीट करत राहिले. नाव असेल असं वाटलं.

"ही नाव आहे का?"

"नाव कशी असेल?" म्हणाले. "इझल दिसत नाही का तुझ्यापुढचा?"

दिसत नव्हता. मी म्हटलं, दिसतो.

२३ फेब्रुवारी

हे गेले. सकाळी. मी होते जवळ, लेक होती. खिडकीत उजेड येत होता. कोणता, ते मी पाहिलं नाही.

९ मार्च

विद्यार्थिनीने गाडी पाठवली होती. वाळलेली चित्रं गेली, सकाळची आणि दुपारची. प्रदर्शन पुढे ढकलू का, असं ती विचारत होती. मी नको म्हटलं. ती चित्रं त्यांनी करवून घेतली, ती लोकांनी बघावीत. मला तिथे उभं राहायला जमणार नाही. तिला ते समजलं.

लेक सामान बांधत होती. शाल, औषधं, भांडी. घर रिकामं करून मला तिच्याकडे न्यायला आली आहे. तिने खिडकीतून तो लहान कॅनव्हास उचलला आणि जुन्या चादरीत गुंडाळायला लागली.

"थांब," मी ओरडलेच. "ओला आहे तो."

"अजून? महिना झाला, आई."

तिने पांढऱ्या डोंगराला हळूच बोट लावलं. वरून साय धरली होती, पण बोट आत गेलं. तिच्या बोटाला रंग लागला आणि डोंगरावर तिच्या बोटाचा ठसा राहिला. ती घाबरून माझ्याकडे पाहू लागली. "आई, मी बिघडवलं."

"नाही बिघडलं. असू दे." मी तिच्या हातातून तो घेतला आणि परत खिडकीत ठेवला, उजेडाकडे तोंड करून. "गुंडाळला तर कापडाला चिकटेल. हलवता येणार नाही."

"मग किती दिवस लागतील वाळायला?"

"फार जाड लावलाय त्यांनी. ऐकतात कुठे! महिने लागतील. पावसाळाही जाईल कदाचित."

"मग आपण काय करायचं?"

मी बांधलेल्या गाठोड्याची गाठ सोडली आणि भांडी पुन्हा फळीवर मांडायला घेतली.

"तू जा," मी म्हटलं. "मी थांबते."